गुडघ्यात 'इम्पोर्टेड जेल' म्हणून भलतंच टोचलं, ३६ हजार गेले. कोल्हापूरकरांनो, सुईच्या आधी बाटली बघा

महिनाभर लिहू का नको असं चाललं होतं, कारण घरात हा विषय निघाला की आई उठून आत जाते. पण परवा गंगावेशीत दूध कट्ट्याजवळ चहाच्या गाडीवर तसलंच पत्रक चिकटवलेलं बघितलं, 'ऑपरेशनशिवाय गुडघेदुखी बंद, फक्त ३ इंजेक्शन', नाव वेगळं, नंबर वेगळा पण गुडघ्याचा लाल फोटो अगदी तोच, आणि मग मला राहवलं नाही.

आमचं घर शिवाजी पेठेत, जुनं, लाकडी जिन्याचं. आई ६६ वर्षांची, शुगर बारा वर्षं झाली, गोळी चालू आहे. गुडघे पाच-सहा वर्षं दुखतात, उजवा जास्त. दर मंगळवारी आणि शुक्रवारी अंबाबाईला चालत जायची ते दिवाळीपासनं बंद झालं होतं, जिना उतरायचा म्हणजे एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, कठडा धरून, आणि खाली आल्यावर पाच मिनिटं उंबऱ्यावर बसून राहायची. हे रोज बघायला लागत होतं, त्यामुळं एप्रिलमध्ये पेपरात पत्रक आलं, मोफत गुडघे तपासणी शिबिर, तेव्हा मीच तिला घेऊन गेलो. तिला नव्हतं जायचं.

मंगल कार्यालयाचा हॉल, शंभर-सव्वाशे माणसं, जास्त करून बायकाच. पुण्याचे मोठे डॉक्टर म्हणून एकजण बसलेले. आईचा जुना एक्स-रे ट्यूबलाईटकडं धरून म्हणाले, "हे बघा मावशी, गादी झिजलीय, हाडाला हाड लागाय लागलंय, आता ऑपरेशन म्हणजे ५ लाख आणि सहा महिने खाटेवर, त्यापेक्षा आम्ही आत इम्पोर्टेड जेल भरतो, गाडीत ग्रीस भरतात तसं." आणि मी इथंच फसलो, कारण मी उद्यमनगरात लेथवर काम करतो, वीस वर्षं झाली, बेअरिंग आणि ग्रीस ही माझी रोजची भाषा, मला ते लगेच पटलं. बेअरिंगची रेसच, म्हणजे गोळ्या फिरतात ती कडीच, खाल्लेली असली तर वरनं कितीबी ग्रीस भरा आवाज जात नाही, हे मी पोरांना रोज सांगतो, आणि तिथं आईच्या बाबतीत ते माझ्या डोक्यात आलं नाही.

पॅकेज ३६ हजार, दोन्ही गुडघे, तीन डोस, पंधरा दिवसांच्या अंतरानं. सगळे पैसे आधी. "शिबिराची सवलत आजच्या दिवसच." २० हजार फोनपे केले, १६ हजार दुसऱ्या दिवशी रोख दिले. पावती मागितली तर लेटरहेड नाही काय नाही, साध्या पॅडवर 'रक्कम मिळाली' आणि एक सही.

आता त्या दिवसाचं नीट सांगतो, कारण सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. स्टँडजवळच्या एका बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर खोली. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सहा-सात बायका लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेऊन बसलेल्या. आत टेबलावर एक रंगीत खोका ठेवलेला, त्यावर परदेशी अक्षरं, तो माझ्या हातात दिला, "हे तुमचं जेल." खोका हलका लागला. उघडायच्या आधीच परत घेतला. मग असिस्टंट पोरगा पाठ करून वळला, ट्रेमधनं अंगठ्याएवढी काचेची बाटली घेतली, खोकल्याचं औषध हलवतात तशी चांगली दोन-तीनदा हलवली आणि सिरिंजमध्ये ओढलं. दुधासारखं पांढरं. मी विचारलं, "जेल पांढरं असतंय काय ओ?" तर म्हणाला, "इम्पोर्टेड असंच असतंय दादा." आणि हातमोजे तेच, आईच्या आधीच्या बाईला घातलेले. हेपण मी बघितलं आणि गप्प बसलो.

तिसऱ्या दिवशी आई कठडा न धरता जिना उतरली.

खाली येऊन उभी राहिली आणि डोळ्याला पदर लावला. शुक्रवारी ओटी घेऊन अंबाबाईला चालत गेली, मी पण गेलो, तिथं त्या डॉक्टरसाठी मी हात जोडले. येताना गल्लीत दोघींना तिनं सांगितलं, "जावा गं, माझा पाय सुटला बघा." त्यातल्या एक काकू एकट्या राहतात, त्यांनी भिशीचे पैसे उचलून भरले. दुसऱ्यांनी मुलाला न सांगता. आईला ३६ हजारांपेक्षा हे जास्त लागलंय, मी कितीही सांगितलं तरी ती म्हणते माझ्या तोंडानं गेल्या त्या.

त्याच आठवड्यात तिचं तोंड लालबुंद झालं, तहान थांबेना, रात्रीत चार-पाचदा उठायची. घरच्या मशीनवर शुगर बघितली तर ३४०. एरवी उपाशीपोटी १३०-१४० च्या वर जात नाही. फोन केला तर म्हणाले आंबे खाल्ले असतील. मेचे दिवस, घरात हापूसची पेटी होतीच, आम्हालाही खरं वाटलं. बिचारीनं आंबा सोडला. १५ मेला दुसरा डोस घेतला, त्याला गुण निम्मापण आला नाही. आणि तिसऱ्याच्या वेळी नवीनच काढलं, तुमची केस अवघड आहे, तिसरा डोस स्टेम सेलचा, म्हणजे मूळ पेशींचा घ्या, वरचे ५५ हजार. विचार करून सांगतो म्हणून आलो. जूनच्या शेवटी दुखणं परत पहिल्यासारखं झालं म्हणून गेलो तर खोलीला कुलूप, बोर्ड काढलेला, भिंतीवर नुसते चार स्क्रू. वॉचमन म्हणाला भाडं महिन्या-महिन्याचं होतं, परत गेले. फोन बंद.

मग पाहुण्यांच्या ओळखीनं एका हाडांच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी आधी उभं करून एक्स-रे काढला, कारण झोपवून काढलेल्यात फट किती राहिलीय ते नीट कळत नाही म्हणे. उजवा गुडघा चौथ्या ग्रेडचा, म्हणजे शेवटचा, डावा तिसऱ्या. काय टोचलं विचारलं तर आमच्या फाईलवर औषधाचं नावच नाही, नुसतं 'इंजेक्शन १, इंजेक्शन २'. मी पांढऱ्या पाण्याचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, सिस्टरकडनं दोन वस्तू मागवून टेबलावर ठेवल्या. एक भरलेलीच सिरिंज, आत काचेसारखं पारदर्शक, तिरकी केली तर बुडबुडा मधात सरकतो तसा हळूहळू वर आला. दुसरी अंगठ्याएवढी बाटली, खाली पांढरा साका बसलेला, हलवली की दूध. "यातलं कुठलं?" मी बाटलीवर बोट ठेवलं.

जेल ती पहिली होती, हायल्युरॉनिक ॲसिड. ती बाटली स्टेरॉईडची. मेडिकलमध्ये शंभर-दोनशेच्या घरात मिळते.

डॉक्टरांनी एक गोष्ट नीट सांगितली आणि ती मी तशीच सांगतो, नाहीतर लोक उगाच घाबरतील. स्टेरॉईड हे काय विष नाही, गुडघा सुजला असेल, दुखणं वाढलं असेल तर हे डॉक्टरपण ते देतात, पण नाव सांगून, शुगर विचारून, हातमोजे बदलून, जागा नीट निर्जंतुक करून, कारण सांध्यात जंतू गेले तर गुडघा सडू शकतो. गुण लवकर येतो पण टिकतो काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने. शुगरवाल्यांची साखर काही दिवस चढते, म्हणजे आंब्याचा दोष नव्हता. आणि एका सांध्यात परत द्यायचं तर निदान तीन महिने सोडायचे असतात, आमच्याकडं पंधरा-वीस दिवसांत दोनदा दिलं. माझा भाचा फार्मसीला आहे, त्याला बसवून मी नेटवर वाचून घेतलं. २०१७ साली अमेरिकेत १४० पेशंटवर अभ्यास झालाय, निम्म्यांना दर तीन महिन्यांनी स्टेरॉईड आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, दोन वर्षं. दुखण्यात फरक पडला नाही आणि स्टेरॉईडवाल्यांची कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, जास्त झिजली.

मग मी म्हटलं, खरं जेल दिलं असतं तर? डॉक्टर म्हणाले काहींना थोडा आराम पडतो, पण अमेरिकेतल्या हाडांच्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०२१ च्या त्यांच्या सूचनांमध्ये ते सरसकट वापरू नका असंच म्हटलंय, आणि चौथ्या ग्रेडला त्याच्या नादाला लागून पैसे घालवायचे नाहीत. रक्त काढून फिरवून परत टोचतात ते पीआरपी पण मी विचारलं, आमच्या कारखान्यातल्या एकानं केलंय. त्याचापण ऑस्ट्रेलियातला २०२१ चा अभ्यास आहे, २८८ लोक, आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं, वर्षानं बघितलं तर दुखण्यात मिठाच्या पाण्यापेक्षा म्हणण्यासारखा फरक नाही. आणि स्टेम सेल गुडघ्याला नेहमीचा उपचार म्हणून आपल्याकडं मान्यच नाही, २०१७ च्या आयसीएमआरच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नियमांप्रमाणं ते फक्त परवानगीच्या अभ्यासातच देता येतं. ते ५५ हजार वाचले एवढंच.

सगळ्यात मोठं नुकसान पैशाचं नाहीच. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं, आईपण तयार झाली, तर डॉक्टर म्हणाले आत्ता नाही. सांध्यात स्टेरॉईड गेल्यावर तीन महिन्यांच्या आत सांधा बदलला तर इन्फेक्शनचा धोका वाढतो. शेवटची सुई १५ मेची, म्हणजे ऑगस्ट निम्मा उलटेपर्यंत ती तशीच जिना उतरणार. ५ लाखांची भीती घातली होती तीपण खोटी, २०१७ पासनं सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातलीय, आम्हाला खर्च त्याच्या निम्म्याच्या आतला सांगितलाय. आणि ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात, सहा महिने खाटेवर कोण ठेवत नाही.

तुमच्या घरात कोण इंजेक्शन घेणार असेल तर बाटली किंवा सिरिंज फोडायच्या आधी हातात घ्या, मोबाईलवर फोटो काढा, नाव, बॅच, तारीख आणि छापलेली किंमत दिसली पाहिजे. रिकामा खोका चालणार नाही. बिलावर त्याच औषधाचं नाव पाहिजे. डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर चिठ्ठीवर आणि पावतीवर असायलाच लागतो, हा २००२ पासनंचा नियम आहे, आणि तो नंबर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साईटवर टाकून बघता येतो, दोन मिनिटांचं काम. आमच्या फाईलवर नंबर नव्हता आणि मी शोधलापण नाही. अमुक दिवसच सवलत म्हणाले की तिथनं उठा.

पोलीस स्टेशनला अर्ज दिलाय. ग्राहक हेल्पलाईन १९१५ ला फोन केला, त्यांनी तक्रार नोंदवून घेतली. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि फसवणूक झाल्यापासनं दोन वर्षांत तक्रार करायची असते. आमच्याकडं पुरावा म्हणजे फोनपेचे २० हजार, ते कुणाच्यातरी वैयक्तिक खात्यावर गेलेत, पण नाव दिसतंय. रोखीच्या १६ हजारांना ती पॅडवरची सही. म्हणून सांगतो, रोख देऊ नका.

आई सध्या खाटेवर बसून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवते, गुडघ्यानं दाबून धरते आणि दहा आकडे मोजते, दिवसातनं तीनदा, मांडीचे स्नायू ताकदीचे झाले तर ऑपरेशननंतर सोपं जातं म्हणून. काठी डाव्या हातात धरायला शिकवलीय, दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात, आम्ही इतके दिवस उजव्याच हातात देत होतो.

भिशीवाल्या काकू आधी तयार नव्हत्या, लोक हसतील म्हणत होत्या. परवा रात्री त्या स्वतःच फाईल घेऊन आल्या, आमच्यासारखीच, 'इंजेक्शन १, इंजेक्शन २'. मंगळवारी आम्ही दोघं जाऊन तक्रार देतोय. एप्रिल-मेमध्ये कोल्हापुरात अशाच शिबिरात कुणी पैसे भरले असतील तर फाईल, पावती, फोनपेचा स्क्रीनशॉट काही टाकून देऊ नका, मला कळवा, मंगळवारी सकाळी आमच्याबरोबर चला.