अ‍ॅम्बर्लिस्ट-१५ ड्राय: सोलापूरचा उन्हाळा सोसतं, नळाचं पाणी सोसत नाही

सच्छिद्र सेंद्रिय पॉलिमर म्हटलं की हल्ली सीओएफ (सहसंयुज सेंद्रिय चौकटी), सीएमपी (संयुग्मी सूक्ष्मच्छिद्री पॉलिमर), पीएएफ (सच्छिद्र अ‍ॅरोमॅटिक चौकटी) हीच नावं पुढे येतात. पहिली सीओएफ २००५ साली आली. २००९ सालच्या पीएएफ-१ चं पृष्ठफळ तर ग्रॅममागे ५,६०० चौरस मीटर! पण ही मंडळी बहुतेकदा स्वतःच बनवावी लागतात. बाटलीबंद मिळणारं आणि उद्यापासून कामाला लावता येणारं हवं असेल, तर याच घराण्यातलं जुनं, भरवशाचं नाव, आम्ल-उत्प्रेरकाचं काम करणारं दाणेदार रेझिन म्हणजे अ‍ॅम्बर्लिस्ट-१५. एम.एस्सी.ची प्रयोगशाळा असो वा सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतलं एखादं लहान युनिट, एस्टर बनवायला सल्फ्युरिक अ‍ॅसिडऐवजी काय वापरावं, याचं ते आमच्या मते पहिलं उत्तर आहे.

बाटली उघडल्यावर दिसतात ते मोहरीहून लहान, राखाडी-तपकिरी, अपारदर्शक दाणे. ही अपारदर्शकता महत्त्वाची. वॉटर सॉफ्टनरचं (पाण्याचा जडपणा काढणाऱ्या यंत्राचं) रेझिन मधासारखं पिवळं आणि आरपार दिसणारं असतं. रसायन दोघांचं एकच, स्टायरिन आणि डायव्हिनाइलबेंझिनची जाळी, तिच्यावर सल्फोनिक आम्ल. पण सॉफ्टनरचं रेझिन जेल प्रकारचं असतं. त्याची छिद्रं पाण्यात फुगल्यावरच उघडतात आणि ते सोडियम रूपात येतं. अ‍ॅम्बर्लिस्ट-१५ मध्ये कायमची छिद्रं आहेत: सरासरी व्यास सुमारे ३०० अँगस्ट्रॉम (३० नॅनोमीटर), पृष्ठफळ ग्रॅममागे ५० चौरस मीटरच्या आसपास. म्हणून ते कोरड्या सेंद्रिय द्रावकातही काम करतं. स्वस्त पडतं म्हणून सॉफ्टनरचं रेझिन बुटॅनॉलमध्ये टाकू नका, दिवसभर रिफ्लक्स करूनही (उकळवून वाफ थंड करत परत फ्लास्कमध्ये आणूनही) हाती फारसं काही लागणार नाही.

आम्लक्षमता कोरड्या रेझिनच्या किलोमागे किमान ४.७ इक्विव्हॅलंट (म्हणजे तितके मोल हायड्रोजन आयन). तापमानाची मर्यादा १२० अंश सेल्सिअस. त्यापलीकडे सल्फोनिक गट सुटू लागतात, मिश्रणात आम्ल उतरतं आणि रंग काळपट होतो.

ब्युटाइल अ‍ॅसिटेटचं उदाहरण घ्या. ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड ३० ग्रॅम, एन-बुटॅनॉल ४४.५ ग्रॅम, रेझिन ४ ग्रॅम. डीन-स्टार्क (तयार होणारं पाणी वेगळं काढणारं काचेचं उपकरण) लावून रिफ्लक्स करा. हिशेबाने ९ मिलिलिटर पाणी निघायला हवं. खालच्या थरात थोडं बुटॅनॉलही विरघळून येतं, त्यामुळे आकडा किंचित पुढेमागे होतो. खरी खबरदारी शेवटच्या टप्प्यात घ्यायची. पाणी निघत असतं तोवर उकळी नव्वदीत असते. पाणी संपत आलं की फ्लास्कमधलं तापमान ११५ च्या पुढे चढतं आणि रेझिनची मर्यादा तिथून हाकेवर असते. म्हणून थर्मामीटर द्रवातच बुडवा आणि पाणी पडायचं थांबलं की हीटिंग मँटल लगेच बंद करा. तळाशी बसलेले दाणे मँटलने तापलेल्या फ्लास्कच्या भिंतीला चिकटले, तर द्रव ११० अंशावर असतानाही ते करपतात. यावर साधा उपाय म्हणजे ६० मेशच्या स्टेनलेस स्टीलच्या जाळीची पुरचुंडी करून दाणे द्रवात टांगणं. मॅग्नेटिक बारखाली दाणे भरडले जातात, त्यांची भुकटी फिल्टर पेपर तुंबवते आणि रेझिन पुन्हा वापरता येत नाही. लोखंडी जाळी मात्र नको. आम्लात लोखंड विरघळतं आणि त्याचे आयन थेट रेझिनवर जाऊन बसतात.

आता पाण्याकडे. सोलापुरात या रेझिनबद्दलची नेहमीची तक्रार अशी: पहिल्या खेपेला झकास, दुसऱ्यांदा बरं, तिसऱ्यांदा गेलं. खापर फुटतं मे महिन्यातल्या उन्हावर, नाहीतर माल पुरवणाऱ्यावर. ४३ अंशांच्या उन्हाने बंद बाटलीतल्या कोरड्या रेझिनचं काही बिघडत नाही. बिघडवतं ते दोन खेपांच्या मधलं धुणं. हे रेझिन मुळात आयन बदलणारं आहे. जड पाणी दिसलं की हायड्रोजन सोडून कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडणं हा त्याचा स्वभावच. बेसाल्टातून आलेल्या बोअरच्या पाण्याची कठिणता कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने लिटरला ४०० मिलिग्रॅम धरली, तर एका लिटरमध्ये ८ मिलिइक्विव्हॅलंट होतात. आपल्या ४ ग्रॅम रेझिनकडे एकूण १८.८. तीन वेळा पाव-पाव लिटर पाण्याने धुतलं की ६ गेले, म्हणजे जवळपास एक तृतीयांश आम्ल नळाखालीच संपलं. सव्वादोन-अडीच लिटरांत सगळंच. दाणे दिसायला जसेच्या तसे राहतात, म्हणून संशयही येत नाही.

तेव्हा धुवायचं ते मिथेनॉलने, आणि पाणी लागलंच तर डिस्टिल्ड. नंतर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये १०० अंशांवर रात्रभर. ओलं रेझिन वापरलं तर पाण्याचे रेणू आम्लगटांना वेढून बसतात आणि सुरुवातीला अभिक्रिया रेंगाळते.

शंका आली तर अर्ध्या तासाच्या मेहनतीत उत्तर मिळतं. वाळवलेलं रेझिन ०.५ ग्रॅम मोजा, १ मोलर मिठाच्या द्रावणात, तेही डिस्टिल्ड पाण्यातल्या, ५० मिलिलिटरमध्ये रात्रभर ठेवा. गाळा, आणखी थोड्या मिठाच्या द्रावणाने खंगाळा, सगळं गाळलेलं द्रावण एकत्र करून फिनॉल्फ्थॅलिनवर ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करा. नवं रेझिन २३.५ मिलिलिटरच्या आसपास घेतं. २० च्या खाली आलात की रीजनरेट करा, म्हणजे रेझिन पुन्हा आम्लरूपात आणा: ४ ग्रॅमला ५ टक्के हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड १०० मिलिलिटर, दोन भागांत, प्रत्येकी अर्धा तास. मग डिस्टिल्ड पाणी लिटमस शांत होईपर्यंत. इथे सल्फ्युरिक अ‍ॅसिड अजिबात वापरू नका. पकडलेलं कॅल्शियम छिद्रांतच जिप्सम होऊन बसतं, आणि ते काढणं हे नवी बाटली आणण्यापेक्षा कठीण.

करंजाच्या तेलाचं बायोडिझेल करणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. तेलातली मुक्त स्निग्धाम्लं मिथेनॉलबरोबर कमी करायला हे चांगलं आहे, पण आधी तेलातला डिंक काढून घ्या, नाहीतर छिद्रं बुजतात. ६० अंशांवर संपूर्ण तेलाचं रूपांतर याच्याकडून मागू नका. ट्रायग्लिसराइडसारख्या मोठ्या रेणूंसाठी ते फार मंद आहे, पुढचं काम अल्कलीलाच द्यावं लागतं.

सुपरकपॅसिटरचा (वीज साठवणाऱ्या उपकरणाचा) प्रकल्प घेतलेले विद्यार्थीही हीच बाटली मागवतात. थेट इलेक्ट्रोड म्हणून ते निरुपयोगी आहे. वीज वाहत नाही आणि पृष्ठफळही थोडं. नायट्रोजनमध्ये ८००-९०० अंशांवर तापवून त्याचा कार्बन करता येतो, दाण्याचा गोल आकारही बऱ्यापैकी टिकतो. वाटेत सल्फर डायऑक्साइड सुटतो, म्हणून भट्टीच्या तोंडाला अल्कलीची बाटली हवीच.

विकत घेताना लेबलवर ‘ड्राय’ आणि हायड्रोजन रूप, दोन्ही पाहून घ्या. ‘वेट’ प्रकारात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं, म्हणजे ४ ग्रॅम कोरड्याच्या जागी साडेआठ-नऊ ग्रॅम मोजावं लागेल. शिवाय ती बाटली सैल झाकणाने सोलापूरच्या उन्हाळ्यात राहिली की दाणे सुकतात आणि वजनाचा हिशेब चुकतो. कोरडे दाणे वजन करताना स्थिर विजेने उड्या मारतात, काचेच्या भांड्यातच मोजा. फरशीवर सांडले तर आधी झाडून घ्या. त्यांच्यावरून पाय घसरतो, आणि हात ओला असेल तर आम्ल चुरचुरतं.