कोकणातल्या बागेसाठी चेनसॉ : आधी कानस, मग मोठे यंत्र

चक्रीवादळांनी कोकणातल्या बागायतदाराला चेनसॉ विकत घ्यायला लावला. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंतच्या वाड्या आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याच्या कडेकडेने उत्तरेला सरकले आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीतही झाडांचा खच पडला. उन्मळलेले माड, पोफळी आणि कलमे हटवायला भाड्याने कटरवाला मिळेना, म्हणून ज्यांनी त्या दिवसांत हाताला लागेल ते लहान यंत्र घेतले, त्यांच्यापैकी बरेच जण आता मोठे यंत्र घ्यावे का, असे विचारू लागले आहेत. मी दापोली तालुक्यात आंबा-नारळाची बाग सांभाळतो, लहान यंत्र नियमित वापरतो आणि त्याहून मोठी यंत्रेही प्रत्यक्ष कामावर चालवली आहेत. त्यावरून माझे मत असे झाले आहे की मोठ्या यंत्राची मागणी बहुतेक वेळा बोथट साखळीतून जन्माला येते, आणि जिथे ती रास्त असते तिथेही निवड बुंध्याच्या जाडीवरून करावी, जाहिरातीतल्या सीसीवरून करू नये.

आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणारे लहान यंत्र म्हणजे स्टिल कंपनीचे एमएस 180. त्याचे इंजिन 31.8 सीसीचे, ताकद दीड किलोवॅटच्या आसपास आणि बार (साखळी जिच्या कडेने फिरते ती लांब पट्टी) व साखळी सोडून वजन चार किलोच्या घरात. कलमांची छाटणी, वाळलेल्या फांद्या, पोफळीचे खोड आणि फूटभर जाडीपर्यंतचे ओंडके यांसाठी हे यंत्र उत्तम आहे आणि दिवसभर हातात धरून खांदे भरून येत नाहीत. त्याच्याबद्दलच्या ज्या तक्रारी कानावर येतात, म्हणजे यंत्र दाबावे लागते, काप तिरका जातो, बार तापून धूर निघतो, त्यांपैकी एकीचाही इंजिनाशी थेट संबंध नाही. धारदार साखळी स्वतःच्या ओढीने लाकडात उतरते आणि जाड ढलप्या बाहेर फेकते. ढलप्यांऐवजी पिठासारखा बारीक भुसा पडू लागला की दात बोथट झाले, हे निदान पुरेसे आहे. अशी साखळी दुप्पट ताकदीच्या यंत्रावर चढवली तर ती फक्त अधिक वेगाने घासते आणि बारही लवकर खाते.

कोकणात धार इतक्या लवकर का जाते, हेही समजून घेण्यासारखे आहे. माडाच्या खोडाचा गाभा मऊ असला तरी बाहेरचे कवच कठीण, तंतुमय आणि सिलिका असलेले असते; सागाच्या लाकडातही सिलिका असते. त्यात पडलेले झाड जांभ्याच्या मातीत लोळलेले असते, सालीत खडे रुतलेले असतात, आणि ओंडका आरपार कापताना साखळीचे टोक जमिनीला एकदा जरी शिवले तरी एका क्षणात सगळे दात गोल होतात. म्हणून कापण्याआधी साल कोयत्याने तासून किंवा ब्रशने झाडून घेणे आणि शेवटचा काप ओंडका फिरवून वरून घेणे, या दोन सवयी कोणत्याही महागड्या साखळीपेक्षा उपयोगी ठरतात. साखळीच्या प्रकाराचेही तसेच आहे. चौकोनी कोपऱ्याचे दात स्वच्छ लाकडात वेगाने कापतात, पण धूळमातीत कोपरा लगेच जातो. अर्धगोल कोपऱ्याचे दात थोडे सावकाश कापतात, मात्र धार टिकवतात. आपल्या बागांसाठी मी बिनदिक्कत दुसऱ्या प्रकाराची शिफारस करीन.

धार लावण्यासाठी लागणारी गोल कानस साखळीच्या पिचनुसार, म्हणजे तिच्या कड्यांमधल्या अंतरानुसार, निवडावी लागते, आणि दुकानात सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधले अंतर मोजून त्याचे निम्मे केले की पिच मिळते. स्टिलच्या साखळीत लहान यंत्रावरच्या 3/8 इंची पिको (ठेंगण्या दातांच्या) पिचसाठी 4 मिमी व्यासाची, 0.325 इंच पिचसाठी 4.8 मिमीची आणि मोठ्या यंत्रावरच्या पूर्ण 3/8 पिचसाठी 5.2 मिमीची कानस चालते. इतर कंपन्यांच्या साखळ्यांसाठी हे माप थोडे बदलू शकते, तेव्हा खोक्यावर छापलेला आकडा प्रमाण मानावा. खोके हरवले असेल तर स्टिलच्या साखळीवर प्रत्येक दातापुढच्या उंचवट्यावर एक अंक कोरलेला असतो : 6 म्हणजे 3/8 पिको, 2 म्हणजे 0.325 आणि 3 म्हणजे पूर्ण 3/8. ड्राइव्ह लिंकवरचा, म्हणजे बारच्या खाचेत सरकणाऱ्या कडीवरचा, अंक बारच्या खाचेची रुंदी सांगतो. तिथे 3 असेल तर 1.3 मिमी आणि 6 असेल तर 1.6 मिमी. एवढे वाचता आले की दुकानदार चुकीची साखळी गळ्यात मारू शकत नाही.

प्रत्यक्ष धार लावताना इंजिन बंद करून बार शिकंज्यात किंवा खुंटावर घेतलेल्या खाचेत घट्ट बसवावा आणि साखळी नेहमीपेक्षा किंचित ताणून घ्यावी, म्हणजे दात डुगडुगत नाही. कानस आडवी, जमिनीला समांतर धरायची. तिचा साधारण एक पंचमांश भाग दाताच्या माथ्याच्या वर दिसला पाहिजे, आणि बारशी काटकोनातल्या रेषेपासून तिचा कल 30 अंशांचा असला पाहिजे. हा कोन दाताच्या माथ्यावर तिरक्या खुणेने कोरलेला असतो, त्यामुळे नजर तयार होईपर्यंत त्या खुणेशी कानस समांतर ठेवणे सोपे पडते. दाताच्या आतल्या बाजूकडून बाहेर ढकलतानाच कानस कापते. परत घेताना ती उचलावी, घासत मागे आणू नये. एका बाजूचे सगळे दात संपवून मग दुसरी बाजू घ्यावी आणि दोन्हीकडे सारख्याच ओढी द्याव्यात. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा जोर एका बाजूला नकळत जास्त पडतो, त्या बाजूचे दात आखूड होतात आणि काप त्यामुळेच तिरका जातो. साखळी दगडावर आदळली असेल तर सर्वांत आखूड उरलेला दात शोधून बाकीचे सगळे त्याच्या लांबीला आणावेत. मन कितीही कचरले तरी दुसरा उपाय नाही.

त्यानंतर दातापुढचा उंचवटा. दात किती खोल चावणार हे तो ठरवतो. दाताचा माथा मागे उतरता असतो, त्यामुळे दात झिजत आखूड होतो तसतसा तो ठेंगणाही होतो, उंचवटा मात्र तेवढाच राहतो, आणि धार कितीही चांगली असली तरी साखळी चावेनाशी होते. तीन-चार वेळा धार लावून झाली की मापपट्टी ठेवून चपट्या कानशीने तो उतरवावा. वर सांगितलेल्या तिन्ही पिचना दाताचा माथा आणि उंचवटा यांच्या उंचीत स्टिलने दिलेला फरक 0.65 मिमी आहे. लवकर कापावे म्हणून तो अंदाजाने जास्त उतरवणारे कारागीर मी पाहिले आहेत. तशी साखळी लाकडात अडकते, यंत्र हाताला झटके देते आणि बारचे टोक उसळून अंगावर येण्याचा धोका वाढतो.

या कामासाठी मिळणाऱ्या साधनांपैकी स्टिलचा टू-इन-वन कानसधारक नवशिक्याला द्यावा असा आहे. त्यात दोन गोल कानशी आणि एक चपटी कानस एकाच चौकटीत बसवलेली असते, त्यामुळे दाताची धार आणि उंचवटा एकाच ओढीत होतात आणि कोनाची रेष समोर दिसत राहते. मात्र प्रत्येक पिचसाठी वेगळा धारक लागतो, म्हणजे दोन यंत्रे असतील तर खर्चही दोनदा. शिवाय उंचवटा किती ठेवायचा हे साधनच ठरवते. हस्कवर्नाचा रोलर असलेला मार्गदर्शक मला त्या दृष्टीने अधिक आवडतो. तो साखळीवरच बसतो, रोलरांवर कानस सरकते, आणि सोबतच्या उंचवट्याच्या पट्टीवर मऊ व कठीण लाकडासाठी दोन वेगळ्या खाचा असतात. चिंच, खैर किंवा जुना आंबा कापणाऱ्याने कठीण लाकडाची खाच वापरावी. हात बसलेल्या माणसाला यांपैकी काहीच नको. काही शे रुपयांची चांगली गोल कानस आणि लाकडी मूठ पुरते. कानस चकाकू लागली की तिच्यावर माया न करता नवी घ्यावी.

एवढे करूनही लहान यंत्र अपुरे पडते ते जाड बुंध्यांपाशी. परसातला रायवळ आंबा किंवा जुनी चिंच दोन-तीन फूट जाडीची सहज असते, आणि 14-16 इंची बार दोन्ही बाजूंनी घालूनही इंजिन गुदमरते, कारण पूर्ण रुतलेल्या बारवर एकाच वेळी अनेक दात लाकूड ओढत असतात. अशा कामाचे प्रसंग वर्षातून मोजके असतील तर भाड्याचा कटरवालाच परवडतो. ते वारंवार येत असतील तर पहिली पायरी 45 ते 50 सीसीची. स्टिलचे एमएस 250 हे 45.4 सीसी, 2.3 किलोवॅट आणि अवघे 4.6 किलो, म्हणजे वजनाच्या मानाने ताकद भरपूर. त्याची ठेवण जुनी असली तरी सुटे भाग आणि दुरुस्ती सोपी. एमएस 271 हे 50.2 सीसी आणि 2.6 किलोवॅटचे, इंधन कमी खाणारे इंजिन आणि हादरे शोषणारी चांगली रचना हे त्याचे गुण, पण वजन 5.6 किलो. एक किलोचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो आणि उतारावरच्या बागेत दुपारनंतर फार जाणवतो. त्यामुळे दोन्हींत निवड करायची झाल्यास एकट्याने काम करणाऱ्या बागायतदाराने, माझ्या मते, एमएस 250 आणि 16 इंची बार घ्यावा. 18 इंची बार त्याला बसतो, पण कठीण लाकडात तो पूर्ण रुतवू नये.

त्यापुढची पायरी म्हणजे एमएस 382 सारखे 72.2 सीसी, 3.9 किलोवॅट आणि 6.2 किलोचे यंत्र, पूर्ण 3/8 पिच आणि 20 ते 25 इंचांचा बार. रायवळाचा बुंधा ते एका बाजूने कापत जाते, इंजिनाचा आवाजही फारसा बसत नाही. पण हे वखारीचे आणि ठेकेदाराचे यंत्र आहे. त्याने फांद्या छाटणे जिकिरीचे आणि धोक्याचे आहे. टोक उसळले तर झटका लहान यंत्रापेक्षा कितीतरी मोठा बसतो, तेव्हा चपला घालून ते चालवणाऱ्याने आधी बूट, हेल्मेट आणि कापरोधक पॅन्ट यांवर खर्च करावा. 20 इंची बारवरच्या 72 ड्राइव्ह लिंकच्या साखळीला जवळपास 36 दात असतात, म्हणजे कानस धरणाऱ्याचे कामही वाढते. ज्याला लहान साखळीची धार जमली नाही, त्याच्याकडे हे यंत्र पहिल्या दगडानंतर पडून राहील.

इंधनाबद्दल थोडक्यात सांगायचे तर स्टिलचे स्वतःचे टू-स्ट्रोक ऑइल असेल तर लिटरमागे 20 मिली घालावे आणि इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पावसाळाभर टाकीत ठेवू नये. साखळीच्या ऑइलच्या टाकीत गाडीचे जळके ऑइल ओतण्याची आपल्याकडची पद्धत ऑइल पंपाला आणि बारला मारक आहे.

खरेदीच्या वेळी एका यंत्राबरोबर एकाच पिचच्या दोन साखळ्या, त्या मापाच्या दोन-तीन कानशी आणि उंचवट्याची मापपट्टी मागून घ्यावी, आणि विक्रेत्याला ओल्या सावरीच्या तुकड्यावर नव्हे तर आपण नेलेल्या वाळक्या आंब्याच्या ओंडक्यावर काप घेऊन दाखवायला सांगावे. दोन्ही साखळ्या आलटून पालटून वापराव्यात, म्हणजे स्प्रॉकेट (साखळी फिरवणारे दातेरी चाक) आणि साखळ्या सारख्याच झिजतात. दोन्ही संपल्या की स्प्रॉकेटही बदलावे, कारण त्याच्या झिजलेल्या दातांवर चढवलेली नवी साखळी लवकर ताणते आणि खराब होते.