ट्रेलो, नोशन की जिरा? युनिफॉर्मच्या एका सीझननंतरचा अनुभव

आपलं सोलापुरात अक्कलकोट रोडला शाळेच्या युनिफॉर्मचं छोटं युनिट आहे. गड्डा (जानेवारीतली सिद्धेश्वराची जत्रा) संपला की ऑर्डरी सुरू होतात आणि १५ जूनला शाळा उघडायच्या आत माल पोचलाच पाहिजे, त्यामुळे कुठली ऑर्डर कुठं अडकलीय हे कळायला काहीतरी पाहिजेच होतं. ट्रेलो, नोशन, जिरा ही तिन्ही कामाची नोंद ठेवायची ॲप, तिन्ही बघितली.

पुण्यात आयटीत असलेल्या भाच्यानं आधी जिरा सुचवलं. चांगलंच आहे ते, पण ते मुळात सॉफ्टवेअरवाल्यांसाठी, स्प्रिंट, बॅकलॉग, एपिक असले त्यांचे शब्द, आमच्या कटिंग मास्तरांना काय करायचंय त्याचं. नोशन मला स्वतःला लई आवडलं, एकट्यानं वापरायला झकासच, पण फुकट प्लॅनमध्ये दुसरा मेंबर घेतला की १००० ब्लॉकची मर्यादा येते आणि एकेका ओळीचा एक ब्लॉक धरला तर ते किती दिवस पुरणार?

शेवटी ट्रेलोवर थांबलो. कापड आलं, कटिंग, शिलाई, काज-बटण, प्रेस, पॅकिंग अशा लिस्ट केल्या, एक शाळा म्हणजे एक कार्ड, काम झालं की कार्ड पुढं सरकवायचं, बस. ही कानबानची पद्धत टोयोटाच्या कारखान्यातून आलेली, म्हणून शिलाईच्या कामाला बरोबर बसते. खरा फरक पडला तो फोटोनं. कार्डाच्या कव्हरला सॅम्पल शर्टाचा फोटो लावला, आमच्यातले निम्मे लोक घरी तेलुगू बोलणारे, मराठी टायपिंगचा सगळ्यांनाच कंटाळा, पण चेक्सचं कापड बघून शाळा कुठली ते सगळे ओळखतात. मास्तर आता स्वतःहून कार्ड सरकवतात. मालकाला स्क्रीन किती छान दिसते याला काही अर्थ नाही, जो माणूस मशीनजवळ उभा आहे त्यानं ॲप उघडलं नाही तर सगळं फुकट.

आता रडगाणं. साइजप्रमाणे नग (२२ चे किती, २४ चे किती) टाकायला कस्टम फिल्ड (कार्डावर आपल्याला हवा तो जादा रकाना) लागतं आणि ते फुकट प्लॅनमध्ये मिळत नाही, चेकलिस्टमध्ये लिहिलं तर बेरीज होत नाही, म्हणून नग आणि उधारी अजून गुगल शीटमध्येच. ऑटोमेशन (नियम लावून ठेवला की ॲपनं आपोआप काम करणं) महिन्याला २५० वेळा फुकट चालतं, सीझनमध्ये ते महिना संपायच्या आत संपतं. फोटोला १० एमबीची मर्यादा पुरते, व्हिडिओला नाही. आणि व्हॉट्सॲप काही सुटलं नाही बरं का, शाळेचे क्लार्क तिथंच बोलतात, ते मी कार्डात चिकटवतो.

पैसे भरायचे तर स्टँडर्ड प्लॅन वर्षाचा घेतला तर माणशी महिन्याला ५ डॉलर, आणि वर्कस्पेसमधल्या (म्हणजे ट्रेलोत आपल्या टीममध्ये घेतलेल्या) प्रत्येकाचे भरावे लागतात, एकट्या मालकाचे भरून भागत नाही. फक्त नगाच्या रकान्यांसाठी एवढे देणं मला तरी पटत नाही, यंदा पण शीटवरच भागवणार.