घरपोच भाडेकरार नोंदणी: नाशिकचा अनुभव, आणि अंगठा देण्याआधी काय वाचावं

गंगापूर रोडचा आमचा टू बीएचके सासऱ्यांच्या आणि नणंदेच्या नावावर आहे. यंदा भाडेकरू बदलले आणि लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी जागा वापरू देण्याचा भाडेकरार) घरी येऊन नोंदणी करून देणाऱ्या सेवेकडून ऑनलाइन नोंदवला. अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, जिने चढवत नाहीत, त्यामुळे दुय्यम निबंधक कार्यालयात नेऊन बसवणं शक्यच नव्हतं. ज्यांच्या घरी वडीलधारी माणसं मालक आहेत, त्यांच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे.

सुरुवातीला घर दाखवणाऱ्या एजंटने "अकरा महिन्यांचा करा, नोटरी पुरे, सगळे तसंच करतात" असं सांगितलं. ते ऐकू नका. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही हा 1908 च्या नोंदणी कायद्यातला मुद्दा लोकांच्या डोक्यात पक्का बसला आहे. पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा, 1999 आहे. त्याच्या कलम 55 प्रमाणे असा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग मुदत कितीही असो. जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे उद्या वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच खरं धरलं जातं; ते खोडून काढायचं ओझं मालकावर. चार पैसे वाचवायला एवढी जोखीम कशाला घ्यायची?

आणि पैसे तरी किती? आमचं भाडं 22,500, अनामत एक लाख, मुदत 24 महिने. एकूण भाडं 5,40,000. परत करायच्या अनामतीवर वर्षाला दहा टक्के व्याज धरतात, म्हणजे दोन वर्षांचे 20,000. बेरीज 5,60,000, त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे 1,400 रुपये. नोंदणी फी महापालिका हद्दीत 1,000, ग्रामीण भागात 500. दस्त हाताळणी शुल्क आणि घरी येणाऱ्याचा मेहनताना वेगळा. शासनाला किती आणि सेवा देणाऱ्याला किती, हे आधी लिहून मागा. आम्हाला व्हॉट्सॲपवर लगेच वेगवेगळं लिहून मिळालं, चलनाच्या पावतीसकट. ही गोष्ट मला आवडली.

लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं मशीन घेऊन एक तरुण मुलगा आला. सगळ्यांचे आधार, पॅन, जागेचा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आणि वीजबिल आधीच पाठवलं होतं. साक्षीदार म्हणून शेजारचे काका आणि भाडेकरूचा अंबड एमआयडीसीतला सहकारी. भाडेकरूंचे अंगठे चटकन झाले. अण्णांचा मात्र मशीन घेईना. वयाने बोटांवरच्या रेषा पुसट होतात. मुलाने घाई केली नाही. "आजोबा, दमलात का? थांबू जरा," म्हणाला. कोमट पाण्यात भिजवलेल्या रुमालाने बोट पुसलं, कोरडं केलं, मशीनची काचही पुसली, मग एकेक बोट लावून पाहिलं. शेवटी डाव्या हाताच्या मधल्या बोटाने आधारची पडताळणी झाली. अण्णांना कुठेही अवघडल्यासारखं वाटू दिलं नाही, यासाठी माझ्याकडून पूर्ण गुण.

गुण कापते ते ड्राफ्टसाठी. आदल्या संध्याकाळी आग्रहाने मागवला म्हणून बरं. परिशिष्टात दुसऱ्याच कुणाच्या घरातला सोफा आणि एसी तसाच राहिला होता. आमच्या घरात पंखे, गीझर आणि एक कपाट, एवढंच आहे. असाच नोंदवला असता तर घर सोडताना नसलेल्या एसीचा हिशोब त्या भाडेकरू पोरांना द्यावा लागला असता. "सोसायटीचे सर्व आकार भाडेकरू भरेल" अशीही ओळ होती. मेंटेनन्स त्यांनी भरायचा असं ठरलं होतं, ते ठीक. पण मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जो ना-वापर आकार लावते, तो आमचा. (तो सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर लावता येत नाही, हेही लक्षात ठेवा.) दोन्ही बदल करून घेतले. लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही तो) किती महिने, नोटीस किती, अनामत चावी दिल्याच्या दिवशी परत की नंतर, रंगकाम कुणाचं, हे आम्ही चौघांनी बसून मोठ्याने वाचलं. मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 प्रमाणे दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते, हेही मी त्या नवराबायकोला स्पष्ट सांगितलं. जळगावची साधी मुलं आहेत. करारात काय आहे ते त्यांना आमच्याइतकंच कळायला हवं.

नणंद ठाण्यात असते. तिला यावं लागलं नाही. नोंदीचा क्रमांक आणि पासवर्ड कळवला, तिने तिकडच्याच एका माणसाकडे अंगठा आणि फोटो दिला. मग दस्त निबंधकांकडे ऑनलाइन गेला आणि मंजूर होऊन डिजिटल सहीची पीडीएफ ईमेलवर आली. भाडेकरूंनाही तीच प्रत मिळाली, त्यांना बँकेत पत्ता बदलायला उपयोगी पडली.

एक काम मात्र या सेवेत धरलेलं नव्हतं: भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं. करार नोंदवला म्हणजे तेही झालं असं बरेच जण समजतात. ते वेगळं आहे आणि मालकानेच करायचं असतं. मी पोलिसांच्या वेबसाइटवर फोटो आणि कराराची प्रत जोडून भरलं, पोचपावती करारासोबत फाईलला लावली.

पाचपैकी चार. ड्राफ्ट स्वतःहून दोन दिवस आधी पाठवायला लागले, तर पाच देईन.