आमचाच पार्ट आम्हालाच विकला

धुळ्यात देवपूर भागात आमचं घर आहे. वरच्या दोन मजल्यांवर कॉलेजच्या बावीस मुली राहतात, त्यांचं जेवणही आमच्याकडेच. शहादा, तळोदा, साक्री, शिरपूर अशा भागातल्या मुली. धुळ्याचा उन्हाळा सगळ्यांना ऐकून माहीत असतो, थंडी मात्र इथे राहिल्याशिवाय कळत नाही. डिसेंबरात पारा आठच्या खाली उतरतो आणि सकाळी सातच्या प्रॅक्टिकलला निघालेल्या मुलीच्या वाट्याला सोलरचं जेमतेम कोमट पाणी येतं. दोन हिवाळे मी लाकडाच्या बंबावर बावीस जणींचं पाणी तापवलं. शेवटी आमच्या ह्यांनी नाशिकच्या एका बंद झालेल्या लॉजमधून डिझेलवर चालणारा जुना बॉयलर आणला. तीनशे लिटरची पाण्याची टाकी आणि पुढून बसवलेला बर्नर. मागच्या अंगणात पत्र्याची शेड केली, शेजारी स्टँडवर डिझेलची टाकी ठेवली. बर्नरवरचं झाकण लॉजवाल्यांनीच हरवलेलं होतं, त्यामुळे आतले पार्ट उघडेच दिसायचे. खंडेनवमीला शिलाई मशीन, मिक्सर आणि ह्यांच्या स्कूटरबरोबर मी त्यालाही हळदकुंकू लावायची.

तीन हिवाळे तो बिनतक्रार चालला. मागच्या डिसेंबरात एका पहाटे अडला. स्विच लावला की पंखा फिरायचा, थोड्या वेळाने आत ठिणगीची टरटर ऐकू यायची, पण आग काही धरत नव्हती. अर्ध्या मिनिटाच्या आत लाल दिवा लागायचा आणि सगळं गप्प. पुन्हा सुरू करायचं लाल बटण ह्यांनी दहा वेळा तरी दाबलं असेल. शेडमध्ये डिझेलचा वास सुटला तेव्हा मी ओरडून थांबवलं.

माणूस कुठून आणायचा? लॉजवाल्यांचा फोन लागेना. पुतण्याने मोबाइलवर बर्नरच्या कंपनीचं नाव टाकून शोधलं, तर सगळ्यात वर ‘अधिकृत सर्व्हिस सेंटर’ म्हणून एक नंबर आला. कंपनीचा त्या नंबराशी काही संबंध नाही, हे फार उशिरा कळलं. यंत्राच्या पाटीवर कंपनीचा खरा नंबर कोरलेला होता. काजळी पुसून तो वाचायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवर एक जण आला. बोलायला गोड, वाक्यावाक्याला काकू. आधी त्याने बटण किती वेळा दाबलं ते विचारलं. ह्यांनी खरं ते सांगितलं. त्यावर तो दोन पावलं मागे सरकला. “काकू, आत दीड-दोन लिटर डिझेल साचलंय. आणखी एकदा दाबलं असतं तर स्फोटच होता. वर मुली झोपतात ना?” माझे हातपाय गार पडले. त्यानंतर त्याने काहीही मागितलं असतं तरी मी हो म्हणाले असते, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

निदान असं निघालं : ठिणगी पाडणारा इग्निशन ट्रान्सफॉर्मर जळलेला, बर्नर चालू-बंद करणारा कंट्रोल बॉक्स गेलेला. ठिणगी तर ऐकू येत होती, मग ट्रान्सफॉर्मर जळला कसा, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही. दोन्ही पार्ट इम्पोर्टेड, नाशिकहून आणावे लागतील, नमुन्यासाठी जुने सोबत न्यावे लागतील. एकूण साडेअठरा हजार, त्यातले दहा हजार आगाऊ. पैसे मोबाइलवरून पाठवताना खात्यावर एका बाईचं नाव आलं. “मेहुणीचं खातं आहे, माझं लिमिट संपलंय.” ह्यांनी पाठवून टाकले.

तीन दिवस पुन्हा बंब. चौथ्या दिवशी तो चंदेरी चकचकीत ट्रान्सफॉर्मर घेऊन आला. पार्ट बसवले, मग ह्यांना टेफ्लॉन टेप आणायला दुकानात धाडलं आणि मला म्हणाला, “काकू, थंडी फार आहे, आलं टाकून चहा होईल का?” वीस-पंचवीस मिनिटांनी मी चहा घेऊन गेले तर बॉयलर धडधडत होता. मला इतका आनंद झाला की चहाबरोबर शेवही दिली. बिल म्हणून पॅडच्या कागदावर आकडे लिहून दिले. दुकानाचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही. जुने पार्ट कुठे आहेत, हेही आम्ही विचारलं नाही.

अकराव्या दिवशी पुन्हा तेच. पंखा, टरटर, लाल दिवा. त्याला फोन केला तर, “आता पंप गेला. चौदा हजार.” ह्यांचा हात मोबाइलकडे गेलाच होता. नशीब, त्याच दिवशी माझे मामेभाऊ आप्पा भरीत-पार्टीसाठी आले होते. आप्पांनी साखर कारखान्यात तीस वर्षं बॉयलर अटेंडंट म्हणून काढली. चपला न काढताच ते शेडमध्ये शिरले. “पैशे नंतर दे. आधी माले काचनी बाटली दे.”

डिझेलच्या टाकीच्या तळाच्या कॉकमधून त्यांनी अर्धी बाटली भरली आणि ओट्यावर ठेवून दिली. आम्ही कळण्याची भाकरी आणि भरीत खाऊन उठलो तोवर बाटलीत दोन थर झाले होते. वर पिवळसर डिझेल, खाली तीन बोटं गढूळ पाणी. “पानी कसं जळी, ताई?” टाकीच्या झाकणाचं रबर वाळून गेलं होतं, पावसाळाभर शेडच्या पत्र्याचं पाणी त्यातून झिरपत राहिलं. डिझेलपेक्षा पाणी जड, ते तळाशी बसतं. बर्नरची नळी तळाजवळूनच निघते, म्हणून पंप पाणीच ओढत होता. फिल्टर उघडला तर आत काकवीसारखा तपकिरी चिकट गाळ.

मग त्यांनी मला सगळा क्रम दाखवला. असा बॉयलर घरी असेल त्याने तो समजून ठेवावा, म्हणून इथे लिहिते. स्विच लावला की मोटर सुरू होते. त्याच दांड्यावर पंखाही असतो आणि पंपही. पहिले दहा-पंधरा सेकंद नुसती हवा जाते, आत कोंदलेला धूर आणि डिझेलची वाफ बाहेर काढायला. ट्रान्सफॉर्मर दहा हजार व्होल्टच्या आसपास दाब देतो, दोन काड्यांच्या फटीत ठिणगी पडते. मग सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर चालणारी डिझेलची झडप, उघडतो आणि दहा-बारा बारच्या दाबाने नोझलमधून डिझेलची फवारणी होते. ज्योत लागली की फोटोसेलला उजेड दिसतो. आठ-दहा सेकंदांत उजेड दिसला नाही तर कंट्रोल बॉक्स डिझेल तोडतो आणि लाल दिवा लावतो. म्हणजे तो दिवा बिघाडाचा नसतो, बॉक्स शुद्धीवर असल्याचा असतो. आमचा बॉक्स दर वेळी इमानदारीत दिवा लावत होता, तरी त्याच्यावर ‘गेला’ असा शिक्का बसला.

आणि ते दीड-दोन लिटर डिझेल? नोझलवर 1.00 आकडा कोरलेला होता, म्हणजे तासाला एक गॅलन, पावणेचार लिटरच्या आसपास. आप्पांनी बोटांवर हिशेब केला. दहा वेळा दहा सेकंद म्हणजे शंभर सेकंद, त्यात शंभर मिलिलिटर, एक कप चहाएवढं. आमच्याकडे तर त्यात अर्धं पाणीच. तरी ह्यांना त्यांनी चांगलंच झापलं. बटण एकदा दाबायचं, फार तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा नाही. साचलेला तो कपभरही एकदम पेटला तर चिमणीचा पाइप उखडून फेकतो.

टाकीतलं पाणी निघालं, नवा फिल्टर साडेतीनशेत आला. फोटोसेल बाहेर ओढून मऊ कापडाने पुसला, पंपाचा हवेचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल भांड्यात सोडलं. बटण एकदाच दाबलं. पेटला. पंप तोच, चौदा हजारांचा.

हात पुसता पुसता आप्पांनी डिझेलचा बोळा ट्रान्सफॉर्मरवरून फिरवला आणि थबकले. बोळ्याला चंदेरी रंग लागला होता. स्क्रूच्या भोकात टाचणी घालून त्यांनी थोडं खरवडलं, टाचणीला लाल भुकटी आली. “ताई, हाई नवं नही शे.” मी ती बोटावर घेऊन पाहिली. माझंच कुंकू, खंडेनवमीचं. कंट्रोल बॉक्सच्या बटणाचा तुटका कोपराही जुन्या जागीच होता, तो मात्र आम्ही डोळ्यांनी रोज बघत होतो.

मग अळू आठवलं. न्हाणीघरामागे माझा अळूचा वाफा आहे, शेडला लागून. तो माणूस येऊन गेल्यावर चार-पाच दिवसांत वाफ्याचं एक टोक पिवळं पडून बसलं होतं, मी त्याचा दोष थंडीला दिला होता. तिथली माती उकरली तर डिझेलचा वास. चहा उकळत होता त्या वेळात त्याने टाकीतलं पाणी तिथे सोडलं, बॉयलर सुरू केला आणि घाईत तळाचं थोडं तसंच ठेवलं. त्यावर आमचे अकरा दिवस निघाले. खरा बिघाड त्याला पहिल्या दिवशीच कळला असणार. दुरुस्तीचे दोनशे-पाचशे सांगितले असते तरी मी आनंदाने दिले असते, हे जास्त लागलं.

फोनवर म्हणाला, “रिपेअर करून बसवलाय, नवा कोण म्हणालं?” व्हॉट्सॲपवर त्याचाच मेसेज होता, ‘न्यू इम्पोर्टेड’ असा. तो त्याला परत पाठवल्यावर आमचा नंबर ब्लॉक झाला.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, म्हणून तिथेही अर्ज देणार आहोत. पक्कं बिल नाही, पण पैसे पाठवल्याची नोंद, मेसेज आणि रंग उडालेल्या ट्रान्सफॉर्मरचे फोटो जपून ठेवलेत. आता शेडमध्ये कोणी कारागीर आला की आमच्यापैकी एक जण तिथे स्टुलावर बसून असतो. चहा मुलींपैकी कोणीतरी करते. काढलेला पार्ट घरातच राहतो, नमुना हवा असेल तर फोटो काढून न्यावा. दर सोमवारी टाकीच्या तळाचं बाटलीभर काढून बघते.

या नोव्हेंबरात एका नव्या नंबरवरून फोन आला. “काकू, सीझन सुरू होतोय, बॉयलरची सर्व्हिसिंग करायची का?” आवाज तोच. मी म्हटलं, या की, चहा ठेवते. पत्ता विचारला, मी सांगितला. गल्लीचं नाव ऐकल्यावर पलीकडे काही क्षण कोणी बोललं नाही, मग फोन कट झाला. तो नंबरही आता अर्जात लिहिला आहे.