काचेतलं ऑइल नितळ, कॅलिपरमधलं काळं

मोटरसायकलच्या सर्व्हिसिंगच्या बिलात एक वेगळी ओळ होती: पुढचं, मागचं ब्रेक ऑइल आणि क्लच ऑइल बदललं. गाडी ताब्यात घेताना मेकॅनिकनं मला हॅन्डलजवळ बोलावलं आणि टॉर्च मारून ब्रेक ऑइलच्या डबीची गोल काच दाखवली. "बघा साहेब, कसं पाण्यासारखं आहे." खरंच होतं. क्लचच्या डबीतही तेच, मागच्या ब्रेकच्या प्लास्टिकच्या डबीतही तेच. मी निर्धास्त होऊन पैसे दिले.

दोन महिन्यांनी एका लांब उतारावर पुढच्या ब्रेकची लिव्हर थेट मुठीला येऊन टेकली. मागे बायको बसलेली, दोन्ही बाजूंना सामान. लिव्हर दाबली तर हाताला काहीच लागेना, ओल्या स्पंजासारखी आत गेली. भराभर तीन-चारदा मारल्यावर थोडी पकड आली. गिअर खाली टाकत, मागच्या ब्रेकवर कशीबशी गाडी कडेला घेतली. डिस्कजवळ हात नेववत नव्हता. अर्ध्या तासानं डिस्क निवली आणि लिव्हर पुन्हा पहिल्यासारखी कडक झाली.

खरं तर निदान इथंच झालं होतं, पण तेव्हा मला ते वाचता आलं नाही. डॉट 3, डॉट 4 आणि डॉट 5.1 या प्रकारांची ब्रेक ऑइलं हवेतला ओलावा शोषतात. मानकाप्रमाणे ताजं डॉट 4 किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं, की हीच मर्यादा 155 वर येते. उतारावर सतत ब्रेक लावला की कॅलिपर, म्हणजे चाकाजवळ डिस्कला पॅडनं चिमटीत धरणारा भाग, तापतो, ऑइल तिथल्या तिथे उकळतं आणि वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून लिव्हर मुठीला टेकते. निवल्यावर वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ब्रेक आपोआप 'दुरुस्त' होतो.

उतारावर जे घडलं ते मी त्याच वर्कशॉपमध्ये जसंच्या तसं सांगितलं. उत्तर मिळालं, "मास्टर सिलिंडर गेलाय. आतलं सील गेलंय. थोडक्यात वाचलात तुम्ही." मास्टर सिलिंडर म्हणजे लिव्हरला जोडलेला, ऑइलवर दाब देणारा भाग. मी घाबरलेला होतो. बदला म्हटलं. संध्याकाळी गाडी मिळाली, लिव्हर कडक, बिलावर नवा मास्टर सिलिंडर. जुना पार्ट मागितला तर म्हणाले, तो परत पाठवावा लागतो. मी मान्य केलं. तापलेला ब्रेक निवल्यावर जसा असतो तसाच तो होता, एवढंच झालं होतं. एकाही पार्टला हात न लावता त्यांनी माझ्याकडून नव्या पार्टचे पैसे घेतले होते.

हे कळलं गाडी धुताना. मागे कधीतरी स्टँडवरून गाडी आडवी झाली होती, तेव्हा मास्टर सिलिंडरच्या बाहेरच्या कडेचा तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडाला होता. त्या टवक्याची खूण तिथेच होती. वरून पॉलिश फिरवलेलं, कडेला पांढरा थर सुकलेला. कितीतरी वेळ मी पाण्याचा पाइप हातात धरून तसाच उभा होतो. बायकोला मागे बसवून मी या ब्रेकवर आणखी आठवडाभर फिरलो होतो.

मग मी कॅलिपरकडे वाकलो. तिथे ब्लीड निपल असतं, जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा पोकळ स्क्रू. त्यावर एक छोटी रबरी टोपी असते. ऑइल बदलायचं तर ती काढावीच लागते, दुसरा मार्ग नाही. माझ्या टोपीच्या बुडाशी धुळीचं आणि चिखलाचं कडं घट्ट वाळलेलं होतं, कित्येक महिन्यांचं. तिन्ही निपलवर तेच. त्यांनी सिरिंजनं वरच्या डब्यांतलं ऑइल ओढलं होतं आणि तेवढंच नवं भरलं होतं. नळीतलं, कॅलिपरमधलं, जे खरं तापतं ते ऑइल जागचं हललंच नव्हतं. काच फक्त वरची डबी दाखवते.

पुढच्या सुट्टीला मी स्वतः बसलो. सामान फार लागत नाही: निपलच्या मापाचा रिंग पाना, पारदर्शक नळी, एक बाटली, भरपूर फडकी आणि सीलबंद डबा. कोणतं ऑइल ते डबीच्या झाकणावरच कोरलेलं असतं. तेच घ्यायचं. काही गाड्यांच्या क्लचमध्ये मिनरल ऑइल असतं. तिथे डॉट 4 घातलं तर रबरी सीलं फुगतात. डॉट 5 हे सिलिकॉनचं, ते बाकीच्यांत मिसळत नाही. आकडा जवळचा दिसतो म्हणून फसू नका.

नळी निपलवर चढवली, तिचं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवलं. लिव्हर दाबून धरली, पाना पाव फेरा सैल केला. पहिला जो धागा नळीत उतरला तो उकळून उकळून काळ्या झालेल्या चहासारखा. वरच्या काचेत नितळ पाणी आणि खाली हे. मी फोटो काढून ठेवला.

पुढची लय अशी: दाबा, उघडा, बंद करा, मग सोडा. निपल उघडं असताना लिव्हर सोडली की नळीतून हवा परत आत जाते. वरची डबी कधीही रिकामी होऊ द्यायची नाही. ती तळाला गेली की सगळी मेहनत पहिल्यापासून. जुन्या गाडीत लिव्हर शेवटपर्यंत हाणू नका. सिलिंडरचा जो भाग रोज वापरात नसतो तिथे मळ साचलेला असतो आणि सील त्यावर खरवडलं जातं. व्हॅक्यूम पंप वापरलात तर निपलच्या आट्यांतून हवा ओढली जाते आणि बुडबुडे संपतच नाहीत. ती आतली हवा नसते. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा, पुसत बसू नका. ए.बी.एस.च्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) काही गाड्यांत युनिटमध्ये अडकलेली हवा या पद्धतीनं निघत नाही, तिथे कंपनीचं स्कॅनरच लागतं. पॅडवर थेंब पडला तर पॅड बदलायचे, हा खर्च वाचवू नका.

शेवटी थोडा मऊपणा राहिलाच. हवा वर चढते आणि मास्टर सिलिंडरजवळच्या बँजो बोल्टपाशी, म्हणजे नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टपाशी, दडून बसते. रात्रभर लिव्हर पट्ट्यानं मुठीला बांधून ठेवली. सकाळी पट्टा सोडून लिव्हर हळूहळू, अगदी जराशी हलवली तेव्हा डबीत मोहरीएवढे बुडबुडे वर येताना दिसले. त्यानंतर लिव्हर दगडासारखी.

आणि ते 'गेलेलं सील'? तेही घरीच तपासता येतं. लिव्हर एका दाबानं धरून ठेवायची. सील गेलं असेल तर ती हळूहळू मुठीकडे सरकत राहते. हवा असेल तर मऊ लागते, पण भराभर मारल्यावर कडक होते. माझी लिव्हर पूर्ण मिनिटभर धरली तरी तसूभर हलली नाही.

क्लचचीही गोष्ट राहिलीच. न्यूट्रल सापडेना, पहिला गिअर टाकताना धाडकन आवाज यायचा. त्यांनी सांगितलं होतं, प्लेटा घासल्या, इंजिन उघडावं लागेल. त्याची तारीखही ठरली होती. घासलेली प्लेट क्लच घसरवते, इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही. माझं उलट होतं, क्लच पूर्ण सुटतच नव्हता. हवा असली की असंच होतं. खालच्या निपलला सिरिंज लावून ऑइल हळूहळू वर ढकललं, म्हणजे बुडबुड्यांना जायची दिशाच मिळाली. वर डबी भरत येते, तिथलं मधूनमधून काढत राहायचं. दोन सिरिंजांनंतर न्यूट्रल एका बोटानं लागलं. मी ती तारीख रद्द केली.

फोटो, चिखल वाळलेल्या टोप्या आणि टवक्याची खूण असलेली गाडी घेऊन मी वर्कशॉपमध्ये गेलो. मालकानं आधी मेकॅनिककडे पाहिलं, मग बिलाकडे. मास्टर सिलिंडरचे पैसे परत दिले, ऑइलचे नाही. "आमची पद्धत तीच आहे," एवढंच म्हणाला.

त्याच संध्याकाळी मित्राला फोन केला. त्याची गाडी महिन्याभरापूर्वी तिथूनच आली होती आणि पहाटे तो बायकोमुलासह डोंगराकडे निघणार होता. रात्री नऊला त्याच्या पार्किंगमध्ये आम्ही पुढच्या कॅलिपरची टोपी काढली, नळी लावली, पाव फेरा पाना फिरवला. टॉर्चच्या उजेडात तोच काळा चहा. त्यानं काहीच न बोलता सामानाच्या पिशव्या परत वर नेल्या.