चार पर्याय की गाळलेल्या जागा? इंग्रजीची घटक चाचणी काढण्याआधी

साठ पोरांचा वर्ग आणि घटक चाचणी तोंडावर. अशा वेळी आपल्या कोल्हापूरच्या कुठल्याही इंग्रजी शिक्षकाचा हात आपसूक चार पर्यायांकडे वळतो. तपासायला सोपं, गुणांवरून वाद नाही. पण अंदाजपंचे खुणा केल्या तरी चारांत एक बरोबर येतो, हे धरूनच पेपर काढावा.

आकलनात हा प्रकार सगळ्यात फसवा. शाहू महाराजांवर उतारा दिलात तर इथलं पोर तो न वाचताच निम्मे प्रश्न सोडवतं. संस्थानात १९१७ साली सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण कुणी आणलं, हे त्याला उताऱ्यानं कशाला सांगायला हवं? परीक्षा इतिहासाची होते. म्हणून आधी नुसते प्रश्न, उताऱ्याशिवाय, शेजारच्या तुकडीला सोडवायला द्या. पंचवीस टक्क्यांच्या बरीच वर उत्तरं बरोबर आली, तर प्रश्न फाडून टाका. स्वतःच्या वाक्यात उत्तर मागणं चांगलं, पण पोरं उताऱ्यातली ओळ जशीच्या तशी उचलतात. ‘का’ विचारलं की हे थोडं कमी होतं.

शब्दसंपत्तीला मात्र गाळलेल्या जागाच बऱ्या. विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या ‘क्लोझ’ पद्धतीत ठरावीक अंतरानं, उदाहरणार्थ दर पाचवा, शब्द गाळतात. त्यात ‘द’, ‘ऑफ’ही गळतात आणि तपासलं जातं व्याकरण. त्यापेक्षा नामं-क्रियापदं आपण निवडून गाळावीत. ‘बिग’च्या जागी ‘लार्ज’ चालेल का, हे तपासण्याआधी ठरवा.

विरामचिन्हांना पर्याय देऊच नका. बरोबर वाक्य ओळखणं वेगळं, चिन्ह स्वतः टाकणं वेगळं. सगळी चिन्हं काढलेला, सगळी अक्षरं लहान केलेला परिच्छेद द्या. मोडीत विरामचिन्हं नव्हती. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडींनी ती इंग्रजीवरून मराठीत रुळवली. त्यामुळे पूर्णविराम, प्रश्नचिन्ह पोरांच्या ओळखीचं असतं. अडतं ते कॅपिटल अक्षर आणि अपॉस्ट्रॉफीपाशी, कारण देवनागरीत दोन्ही नाहीत. गुण तिथं जास्त ठेवा.

वीस गुणांची चाचणी असेल तर मी आकलनाला दहा, बाकी दोघांना पाच-पाच देईन. विरामचिन्हाला अर्धा गुण, आणि नको तिथं टाकलेल्या चिन्हाला अर्धा वजा. नाहीतर दर दोन शब्दांवर स्वल्पविराम पेरणारा गडी वर्गात पहिला येतो.